लाल कूलंटचा डबा

आबा, परवा तुमची जीप गोठ्यातून बाहेर ओढली. आईचा धोशा चालला होता, एकतर चालव नाहीतर भंगारात घाल, मला म्हशीला जागा पाहिजे. मी घरी चार दिवस टिकलो की आईला असलं काहीतरी सुचतंच, म्हणजे पाचव्या दिवशी मी पळू नये. तर टोचन लावून नारायणगावच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं रेडिएटरचा खालचा नळ सोडला आणि पिवळा गाळ पडायला लागला.

"काय रं हे? आत पिठलं शिजवलंय का?"

हळद होती. गळती लागली की तुम्ही आईच्या डब्यातली मूठभर हळद आत टाकायचा, ती फुगून भोक बुजायचं. तिकडं आईचं कालवण फिक्कं. "माझ्यापरीस तिलाच जास्त हळद लागली," असं म्हणून ती बोटं मोडायची. तेवढ्यावर तुम्ही हसायचा. माझ्या कशावर हसल्याचं आठवत नाही.

नाही, एकदा हसलात. लेण्याद्रीच्या पायथ्याला. मी सतरा वर्षांचा, शाळा सोडलेली, पुण्याच्या एका गॅरेजात दोन महिने काढून आलेलो. पहिल्या पगारातून तुमच्यासाठी लाल कूलंटचा डबा आणला होता. दर उन्हाळ्यात जीप चढाला उकळायची, तुम्ही घाईनं झाकण उघडून हात भाजून घ्यायचा, म्हणून. हे मी बोललो नाही, तुम्ही विचारलं नाही. सकाळी गुपचूप भरला आणि डबा सीटखाली सारला. खाली लाल थेंब दिसला तसा तुम्ही सीटखालून डबा काढलात आणि नऊ पॅसेंजर बसलेले असताना उंच धरलात.

"बर्फाचं चित्र हाय बघा ह्याच्यावर! आपल्या जुन्नरात कवा पडला व्हता रं बर्फ?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "हिमालयात निघालंय लेकरू, जाऊ द्या की." सगळी जीप हसली, तुम्हीही. तुम्ही नळ सोडलात, माझी भेट फुफाट्यात सांडली, आणि वर कॅनमधलं विहिरीचं पाणी ओतलंत. "पुन्यांदा माझ्या इंजिनाला हात लावायचा न्हाई." मी तिथूनच एसटीत बसलो.

मग टेम्पो, ट्रक, एक हंगाम द्राक्षाच्या गाडीवर. मनालीला खरा बर्फ मुठीत घेतला तर पहिली आठवण तुमची आली, आणि मूठ झटकून टाकली. तुम्ही गेलात तेव्हा तिथंच होतो. पोचलो तर तिसरा दिवस. त्याला आठ वर्षं झाली. भेटेल त्या ड्रायव्हरला सांगत आलोय, माझा बाप अडाणी, त्याला कूलंट कळत नव्हतं.

परवा मिस्त्रीला म्हटलं, लालच भर.

"लाल? येडा का तू, भाऊ? ते नव्या गाड्यांचं. ह्याचा रेडिएटर पितळी, सांधे शिशाच्या डागानं जोडलेत. लाल त्या डागालाच खातं. जुन्या गाडीचं साधं हिरवं घाल. नुसत्या रंगावर जाऊ नको, डब्यामागचं वाच. त्यात निम्मं बॅटरीचं शुद्ध पाणी मिसळ."

मी टायरवर बसून राहिलो. तुम्ही बरोबर ठरलात. काही न वाचता, निव्वळ हट्टापायी. तुमच्या विहिरीच्या पाण्यानं इंजिन आतून गंजलंय, तेही त्यानं दाखवलं, पण त्यानं माझं काही भागत नाही. तुम्हाला हे ठाऊक असतं तर एक वाक्य पुरलं असतं, नऊ माणसांत माझं हसं करायची गरज नव्हती. आता तर माझ्याकडं सांगायला तेवढी गोष्टही उरली नाही.

हिरवं भरलं. जीप चालते. हे पत्र गाडीच्या कागदांच्या पिशवीत ठेवतोय, दुसरीकडं कुठं धाडणार?

एक सांगायचं राहिलं. मिस्त्रीनं विचारलं, "आधी कधी लाल घातलं नव्हतं ना?" मी म्हटलं, "आबांनी घालू दिलं नाही. जुन्या गाडीला सोसत नाही म्हणायचे."

"जाणता माणूस," तो म्हणाला.

मी हो म्हणालो.