चौथ्या यार्डाचा चार्ज

सोमवार, २ तारीख

आले एकदाची. गादी, बॅग, चहाची भांडी आणि मी, सगळे शाबूत. क्वार्टर चांगलं आहे, नळाला पाणी आहे, खिडकीतून भिंत दिसते. तुरुंगात नोकरी म्हटल्यावर आणखी काय दिसणार म्हणा. तुरुंग बायकांचा, आणि मी इथली नवी तुरुंगाधिकारी. अधीक्षक साहेब निवृत्तीला टेकलेत. त्यांनी हसून स्वागत केलं आणि चहा येण्याआधीच सांगून टाकलं की कैदी जागेच्या तिप्पट आहेत, शिपाई निम्मे आहेत आणि वरचं कार्यालय उंटावरून शेळ्या हाकतं. मला नवल वाटलं नाही. आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे लावणार.

आईला फोन केला. पुढच्या सोमवारी तिचं डोळ्यांचं ऑपरेशन. मी आल्याशिवाय टेबलावर झोपणारच नाही म्हणून हटून बसलीये. भाऊ, वहिनी सगळे समजावून थकले. शनिवारी निघते असा शब्द दिलाय. साहेबांनी रजा मंजूर केली. आल्या आल्या रजा मागणारी बाई असं नाव होईल, होऊ दे.

मंगळवार, ३ तारीख

सगळीकडे फेरी मारली. पहिल्या तीन यार्डांत नुसता कालवा. नळावरून भांडण, चादरीवरून भांडण, आडवं व्हायला जागा नाही म्हणून झोपायच्याही पाळ्या. चौथ्या यार्डात गर्दी तितकीच, पण चिडीचूप. बायका ओळीने बसून ताटं घासत होत्या. फाटकापाशी एक लाकडी स्टूल, त्यावर किल्ल्यांचा जुडगा, आणि शिपाई कुठेच नाही. माझं डोकंच फिरलं. किल्ली हातची गेली की तुरुंग गेला, हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात.

हवालदारबाईंना बोलावलं. त्या इथेच म्हाताऱ्या झाल्यात. त्यांनी जराही न घाबरता सांगितलं की या जागेवरची शिपाईबाई गेली आणि ते पद पुन्हा भरलंच नाही. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचं माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम. तिचा रिलिव्हर आला नाही, पाळीमागून पाळी गेली, आणि बिचारी बसल्या जागीच गेली. तेव्हापासून सकाळी यार्ड उघडलं की किल्ल्या स्टुलावर ठेवायच्या, चार्ज घ्या म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. संध्याकाळी उचलायच्या. त्यानंतर या यार्डात कुणी कुणावर हात उचललेला नाही, म्हणे.

मी कपाळाला हात लावला. माणसं कमी आहेत हे खरं, पण म्हणून मेलेल्यांना ड्युटी लावायची?

बुधवार, ४ तारीख

बंद केलं ते थेर. कोठाराच्या ड्युटीवरून एक शिपाईबाई काढून इथे लावली. उंच आणि काटकुळी, सगळ्या तिला शिडी म्हणतात. ती किल्ल्यांना हात लावेना. मग मीच पुढे झाले, जुडगा उचलला आणि रिकाम्या स्टुलाला सांगितलं, बाई, तुमचा रिलिव्हर आला, चार्ज मी घेतला, आता जा घरी. कुणीच हसलं नाही. हवालदारबाईंनी नुसती मान खाली घातली. जाऊ दे, नव्याचे नऊ दिवस, माझी थट्टाही कळेल यांना हळूहळू.

गुरुवार, ५ तारीख

चौथ्या यार्डात मारामारी. एकीचं डोकं फुटलं, दुसरीचं बोट मोडलं. शिडी ओरडत राहिली, पण तिच्याकडे कुणी बघेचना. सगळ्या आधी स्टुलाकडे बघायच्या, तिथे कुणी नाही असं दिसलं की पुन्हा एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. शिडी दिवसभर उभीच होती. बस म्हटलं तर नको म्हणाली. ती जागा मॅडमची आहे, असं काहीतरी पुटपुटली. मी झापलं तिला. थकलेय. परवा घरी.

शुक्रवार, ६ तारीख

शिडी आजारी. दुसरं माणूस नाही. मीच बसले स्टुलावर.

बसले मात्र, आणि यार्ड गप्प झालं. एकदम. बायका ताटं घेऊन ओळीत बसल्या. एका म्हातारीने माझ्याकडे बघून हात जोडले. माझ्या तोंडाकडे नाही, जरा बाजूला. खरं सांगते, भीती वाटली.

संध्याकाळी हवालदारबाई आल्या. माझ्या मांडीवरून किल्ल्या उचलल्या, कुलूप लावलं आणि गेल्या. मी हाक मारली. ऐकू गेलं नसेल.

उठून फाटकापर्यंत गेले होते. नक्की गेले होते. पण आता पुन्हा स्टुलावर —

शनिवार

भूक नाही. तहान नाही. फोन बाहेर, आत येताना जमा केलेला, गेटच्या कपाटात.

साहेब आले होते. मी समोर उभी राहिले, सलाम केला. ते स्टुलाकडे बघून पुढे गेले. हवालदारबाई त्यांना सांगत होत्या की मॅडम काल संध्याकाळीच गावी गेल्या, आईचं ऑपरेशन आहे, घाईत फोन इथेच विसरल्या. साहेब म्हणाले, बरं झालं, यार्डही शांत दिसतंय.

कुणी शोधणार नाही मला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवार

हवालदारबाई एकट्याच आल्या. स्टूल पुसलं. मला — माझ्यातूनच — फडका फिरवला. मग अगदी हळू म्हणाल्या, मॅडम, राग मानू नका, माणसंच कमी आहेत.

त्यांना ठाऊक आहे. त्यांना सगळं —

सोमवार, बहुतेक

आज आई. भाऊ सांगत असेल, येतेच आहे ती, वाटेत असेल. आई नाही झोपणार टेबलावर. दाराकडे तोंड करून बसली असेल, दिसत नाही तरी.

शिडी आली. खाली बघत किल्ल्या माझ्या मांडीवर ठेवल्या. चार्ज घ्या, म्हणाली. मी तिचा हात धरला, घट्ट धरला, म्हटलं मला मोकळं कर, नुसतं म्हण की रिलिव्हर आला, तेवढंच म्हण. तिने हात चोळला. गार लागलं असेल. वळली —

शिडी, अगं, माझी आई माझ्याशिवाय —