उखळापाशी आखडलेलं पाऊल

नारायणगाव,
११ नोव्हेंबर २०२४

ती. सोपानमामांस,
वृषालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून गोरखच्या जीपनं पत्र धाडतेय. सोबत पेरू आहेत. मामीला ठेवा, सगळे एकट्यानं फस्त करू नका!

मामा, खरं सांगा, भाऊबिजेला जेवायला आलो तेव्हा तुम्ही आरोहीला कराटेतला तुमचा काता, त्या ठरलेल्या चाली, शिकवलात ना? मी लेकीला शोटोकान पद्धतीनं शिकवते. पाय लांब, कंबर खाली, दोन्ही टाचा जमिनीला. ही मात्र तुमच्या शितो-र्यू पद्धतीसारखी उंच उभी राहते, पुढची टाच मांजरासारखी उचलून. शिवाय समोर चालताना दुसऱ्या पावलाला डावा पाय आखडून घेते, तिथं खाली काहीतरी असल्यासारखी. हॉलची फरशी तर सपाट! रागावले, तर म्हणाली की दादा असाच चालतो. तिला कुठला आलाय दादा?

येत्या २४ला तिची बेल्टची परीक्षा आहे. दोन स्टाइलची भेसळ दिसली की परीक्षक सरळ नापास करतात. पोरीनं वर्षभर घाम गाळलाय हो. खोड तुम्ही लावली असेल तर तुम्हीच सोडवा.

तुमची लाडकी, पण आज चिडलेली,
वृषाली

घोडेगाव,
१५ नोव्हेंबर

चि. वृषालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पेरू लई गोड. पण पत्र वाचून हातातला पेरू खाली ठेवला. मी काही शिकवलेलं न्हाई. माझा पोरगा सूरज गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून मी पट्टा बांधलेला न्हाई.

ते पाऊल त्याचं आहे. आमच्या अंगणात दगडी उखळ पुरलेलं होतं. लहानपणी त्यात त्याचा पाय मुरगळला, तेव्हापासून काता करतानाही तो तिथं डावा पाय आखडायचा. उखळ बुजवलं, तरी खोड जाईना. शेवटच्या दिवशी त्याच पावलावरून मी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. पोरगं तसंच गाडी काढून गेलं आणि घाटातून परत आलंच न्हाई. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं न्हाई.

आरोहीला रागावू नको. ती अडते तिथं उभी राहा आणि माझ्या वतीनं सांग, की बापाचं चुकलं.

तुझा सोपानमामा

नारायणगाव,
२४ नोव्हेंबर

ती. मामांस शि. सा. न.

सांगितलं. गुरुवारी दुपारी, हॉलमध्ये फक्त आम्ही मायलेकी असताना, तुमचं वाक्य मोठ्यानं वाचलं. आधी माझं मलाच हसू आलं. आरोही मात्र दाराकडं बघत होती. म्हणाली, दादा घरी गेला.

आज तिनं काता लांब पायांनी केला, कुठंही अडली नाही. पास झाली, मामा! पेढे धाडतेय. आनंद झालाय, पण भीतीही वाटते. तुम्ही बरे आहात ना?

तुमची वृषाली

घोडेगाव,
२७ नोव्हेंबर

चि. वृषालीस अ. उ. आशीर्वाद.

पेढे पोचले. पोरीला शाबासकी दे.

तुझं पत्र यायच्या आधीच, शुक्रवारी सकाळी, मामीनं मला हाताला धरून अंगणात नेलं. आदल्या सांजंला तिनं सारवलं होतं. त्यावर अनवाणी पावलं उठली होती, मोठ्या माणसाची. मागचं पाऊल पुरं, पुढच्याचा नुसता चवडा. टाच टेकलेली न्हाई. आणि उखळाच्या जागी डावं पाऊल आखडलेलं.

भीती न्हाई वाटली गं, लाज वाटली. पट्टा शोधून बांधला, त्या पावलांशेजारी उभा राहून काता केला आणि उखळापाशी मीही पाय आखडला. मामी आता रोज सारवते.

आरोहीला एवढंच विचार, निघताना तो रागावलेला होता का.

तुझा
सोपानमामा