गाडीखान्यावरची खारी

९ जुलै, बुधवार

गाडीखान्याचं दार आज परत अडलं. नानांनी वरच्या कडेला रंधा मारला, भुसा पायाने बाजूला सारला आणि म्हणाले, "दार फुगस, वहिनी. पावसानं पानी पेस ते." दरवर्षी हेच म्हणतात, दरवर्षी रंधा मारतात.

हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, दीर नि भावजय. त्यामुळे दाराचीही बातमी होते. मीनलला देवपूरला फोन केला, तर तेच सांगितलं. हसली. म्हणाली, आई, दुसरं काही नाही का घडत तुमच्याकडे?

पारोळ्याहून भाजी आणायची राहिली.

११ जुलै, शुक्रवार

गळती. यांच्या जीपच्या बॉनेटवर थेंब. एवढासाच, पण नानांचा चेहरा असा झाला, जणू घरात कुणाला ताप चढलाय. जीपवर ताडपत्री, खाली घमेलं. दुपारी स्वतःची खाटच उचलून गाडीखान्यात नेली.

"नाना, तिथे कशाला?"

"मी आठेच झोपसू. भाऊनी काय सांगेल व्हतं?"

हो, सांगितलं होतं. दवाखान्यात, मी उशाशी होते. माझं सांगतील, मीनलचं सांगतील असं वाटलं. म्हणाले, "नाना, गाडी कोरडी ठेव." तेव्हा मनात रागावले होते. आता वाटतं, सगळं सांगायला श्वास पुरणार नव्हता, म्हणून हातात मावेल तेवढंच सांगितलं.

१३ जुलै, रविवार

रविवार, म्हणून नानांनी जीप चालू करून दाखवली. गुरगुरली. पेट्रोलचा वास, आणि त्यामागून यांचा, तंबाखूचा. पटकन बाहेर आले.

गळतीवर उपाय चालू. नाना शिडी लावून वर. दोन माणसं खालून पाट्या देतात, नाना वर खारी पसरतात. ह्या वयात. मी अंगणात शिडी धरून उभी. पाय सटकला तर, हेच डोक्यात.

लग्न होऊन आले त्या वर्षीची गंमत आठवली. सासूबाई म्हणाल्या, "धाब्यावर खारी टाकनी शे, नवरीले सांगा." मी दीपनगरच्या कॉलनीत वाढलेली, वडील पॉवर स्टेशनात, डोक्यावर काँक्रीटचं छप्पर, शाळा भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, आणि ते गळू नये म्हणून त्यावर खारी, म्हणजे पांढरी खारट माती, पसरतात, हे मला कुणी सांगितलं? मी आपला ट्रंकेतून आणलेला खारी बिस्किटांचा पुडा घेऊन शिडीपाशी गेले. एवढी वरात हसली नव्हती, तेवढे सगळे हसले. नाना अजून चहाला खारी लागली की म्हणतात, "वहिनी, धाब्यावरनी दे."

राहतं घर यांनी पुढे स्लॅबचं बांधलं. गाडीखाना तेवढा जुना राहिला. आधी बैलगाड्या, मग जीप.

१५ जुलै, मंगळवार

गळती थांबली. नाना खूश. मी बॉनेट पुसायला गेले तर कोरडी माती, बारीक, पिठासारखी. पुसली. चहा घेऊन परत आले तर पुन्हा तेवढीच.

कोरडं आहे ना, मग झालं, असं स्वतःला सांगितलं.

१८ जुलै, शुक्रवार

लिहू की नको. लिहिते.

जीपची किल्ली मधल्या तुळईच्या हुकाला असते. हूक यांनी ठोकला, स्वतःच्या उंचीने. माझा हात तिथे कधीच पोचला नाही. टाचा उंचावून, उडी मारून सुद्धा. हे मुद्दाम तिथे अडकवायचे आणि मी मागितली की म्हणायचे, "घे की." मग काढून द्यायचे. ते गेल्यावर नाना काढून देतात. नाहीतर मी स्टूल नेते.

आज हुकाला कोळिष्टक दिसलं. सहज हात वर केला. किल्ली हातात आली.

टाचा जमिनीवर होत्या. चप्पल तीच, सपाट. शाळेत सिस्टर दाराच्या चौकटीशी उभं करून पट्टीने उंची मोजायच्या आणि माझ्यापाशी येऊन नुसत्या हसायच्या. मी तेव्हा वाढले नाही, आता साठी उलटल्यावर वाढणार आहे का.

तुळई खाली आली आहे.

आणि दार फुगत नाहीय. नाना दरवर्षी दार तासतात, आणि छप्पर दरवर्षी त्याच्यावर येऊन बसतं.

किल्ली हुकाला परत लावली. का लावली कळलं नाही. नाना खाटेवर पेपर वाचत होते, बरोबर तुळईखाली. त्यांना न सांगताच बाहेर आले.

१९ जुलै, शनिवार

सांगितलं. नाना आले, वर पाहिलं. त्यांची पाठ आता इतकी वाकली आहे की त्यांना तुळई होती तेवढीच लांब दिसते. "तशीच तर शे. तुले चष्मा बदलाले व्हना."

मीनलला फोन. तिने एकच विचारलं. "आई, दरवर्षी खारी टाकता. काढता कधी?"

फोन हातात धरून नानांना विचारलं. ते म्हणाले, "काढाले तो काय कचरा शे?"

म्हणजे सासऱ्यांनी टाकलेली, त्यांच्या वडिलांनी टाकलेली, बठ्ठी, सगळीच्या सगळी, वरच आहे. गळलं की टाक, गळलं की टाक. आणि ती आता पाणी पिऊन बसली आहे. कोरडं ठेवता ठेवता किती ओझं चढवलं आपण.

मीनल म्हणाली, पावसात वर कुणालाही चढवू नकोस, आधी काकांना बाहेर काढ. कसं काढू, ते नाही सांगितलं.

२१ जुलै, सोमवार

झड लागली आहे. नानांसाठी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी, वर ठेचा नि तेल. वासाने आले, जेवले, तोंड पुसत परत गाडीखान्यात. घरात पंखा आहे म्हटलं. तिथे वारा शे म्हणाले. टीव्ही आहे म्हटलं. "तू पाह्य."

मग चहा मीच तिकडे नेते, आणि दारापाशी पाट टाकून बसते. म्हणजे काय होणार आहे, माहीत नाही. पडलं तर मी काय हातावर झेलणार. पण घरात बसून ऐकण्यापेक्षा...

आज तुळई वाजली. बोटं मोडल्यासारखी. माझ्या हातातला कप सांडला.

नाना हसले. "लाकूड बोलस, वहिनी. म्हातारं व्हयनं, बोलावच. आपण नई बोलत का?"

मनातल्या मनात शाळेतली प्रार्थना म्हणत होते. इतक्या वर्षांनी, शब्द न चुकता.

२३ जुलै, बुधवार

भांडले. आयुष्यात पहिल्यांदा नानांशी मोठ्या आवाजात. म्हणाले, "तू दीपनगरनी. तुले मातीनं काय समजस?" बरोबरच आहे, मला माती कळत नाही. मी म्हटलं, मला माणूस कळतो. तर म्हणाले, "मंग भाऊनं सांगेल इसरी जाऊ का?"

मी घरात निघून आले.

गावात निरोप धाडलाय त्यांनी. उघडीप मिळाली की खारीची आणखी एक ट्रॉली.

दुपारी पडून राहिले. डोळा लागला नाही. एकच कळलं, नाना खाटेसाठी तिथे नाहीत, छपरासाठीही नाहीत. गाडीसाठी आहेत.

२५ जुलै, शुक्रवार

केलं.

सकाळी नाना न्हाणीत गेले. पाऊस होताच. गाडीखान्याच्या दोन्ही फळ्या उघडल्या, एक अडली, खांद्याने लोटली. किल्ली काढली. आज तर कोपरही सरळ करावं लागलं नाही. ताडपत्री ओढून टाकली. जीपचं तोंड दाराकडेच, हे नेहमी तशीच लावायचे. निघताना मागे बघायला लागू नये म्हणून.

यांनीच शिकवली होती, अमळनेरच्या रस्त्यावर, मीनल पोटात असताना. किती वर्षांत हात लावला नव्हता. किल्ली फिरवली तसा सगळा गाडीखाना थरथरला आणि माझ्या केसांवर, हातांवर, मांडीवर माती. मला वाटलं, झालं. डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटून गाडी चालत नाही. क्लच सोडला, बंद पडली. पुन्हा. मी मोठ्याने म्हणत होते, चला, चला हो. कुणाला म्हणत होते.

दुसऱ्यांदा निघाली. थेट अंगणाच्या मध्यावर, उघड्यावर, भर पावसात उभी केली.

नाना अर्ध्या आंघोळीचे, टॉवेलवर, ताडपत्री ओढत धावत आले. "काय करं तू हाई? बठ्ठी भिजी गयी." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी होतं की पावसाचं, बघितलं नाही. दोघांनी मिळून ताडपत्री टाकली, पण तोवर सीट ओली झाली होती. यांच्या बाजूची सुद्धा.

गाडीखाना तसाच उभा. काही झालं नाही. पुसता पुसता मला वाटलं, मीच वेडी.

किल्ली नानांना मिळाली नाही. त्यांनी विचारलीही नाही.

२६ जुलै, शनिवार

नाना बोलत नाहीत. खुर्ची ओट्यावर घेऊन बसलेत, तोंड जीपकडे. ताडपत्री वाऱ्याने उडाली की उठून दोरी आवळतात. पण ओट्यावर आहेत, स्लॅबखाली. मला तेवढं पुरे आहे. आणि पुरेही नाही. खाट अजून आत आहे, ती आणायला कधीही जातील.

भाकरी दिली, खाल्ली. मान वर केली नाही.

सीटला केसांचा ड्रायर लावला. वास गेला बहुतेक. तंबाखूचा.

२८ जुलै, सोमवार

ऊन. स्वच्छ. पानांवरून वाफ निघतेय. याच दिवसाची भीती होती.

चहा दिला. नाना पहिल्यांदा बोलले. "गाडी आत घेवानी शे."

मी कप उचलायला वाकले.

तेवढ्यात फाटकापाशी ट्रॅक्टर. ट्रॉलीभर खारी, पांढरीशुभ्र. ट्रॅक्टरवाल्याने हाक मारली, "नाना, वर टाकू ना?"

नानांनी हाताने थांब अशी खूण केली. मला म्हणाले, "वहिनी, किल्ली कोठे शे?"

किल्ली खारी बिस्किटांच्या डब्यात घातली होती. खोटं बोलवेना. म्हटलं, "खारीत."

त्यांनी मान वर करून गाडीखान्याच्या धाब्याकडे बघितलं. डब्याकडे नाही. अंगणातून, लांबून, वाकलेली पाठ जमेल तितकी सरळ करून. इतके दिवस त्याच्या खाली बसत होते, वर उभे राहत होते. असं समोरून बघितलं नव्हतं. धाब्यावर गवत उगवलंय, आणि कडेचं गवत उंच दिसतं, मधलं दिसतच नाही. मध्ये झोळीसारखं खाली गेलंय.

बघत राहिले. मी पण त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

ट्रॅक्टरवाल्याने पुन्हा विचारलं, टाकू का. नानांनी वर बघतच पुन्हा तीच थांबायची खूण केली. पश्चिमेकडे परत ढग जमलेत. ट्रॉली अजून फाटकातच आहे, इंजिन चालू.