फ्लोअर टॉमवरचे तीन ठोके

मंगळवार, ३ मार्च

परत तेच! फ्लोअर टॉमवर तीन ठोके — आणि वाजवणारा कुणी नाही. दादा स्टुलावरून उठून आत गेलेला, पॅड मोकळं, तरी स्क्रीनवर तीन नोंदी उमटलेल्या. डोकं फिरलं. पुसून टाकले.

आमचे ड्रम म्हणजे रबरी पॅड; त्यातलं स्टँडवरचं, ढोलासारखं घुमणारं ते फ्लोअर टॉम. दादा बडवतो, कॉम्प्युटर नुसत्या नोंदी धरतो — कुठलं पॅड, कधी, किती जोरात. चुकलेले ठोके ओढून तालात बसवायचे हे माझं काम. ‘‘मी उठलो तरी रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. थांबवलंस की माझा मूड जातो’’ — दादाचा हुकूम. आज त्या तीन ठोक्यांवरून स्टिक फेकून मारली. कान सोलवटला. वर म्हणे, ‘‘मशिन कळत नाही तर बसतोस कशाला?’’

वहिनीचा ओठ सुजलाय. ‘‘कपाटाचं दार लागलं.’’ ते कपाट मी लहानपणापासून ओळखतो. एक दिवस तो तिला मारून टाकणार, हे मला माहीत आहे. आणि तो उठून आत गेला की मी हेडफोनचा आवाज वाढवतो.

गुरुवार, ५ मार्च

केबल बदलली. पॅडची सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली — हलका धक्का धरायचाच नाही. तरी आज दोनदा आले. तीन-तीनच, आणि दादा आत असतानाच. भूत फार शिस्तीचं आहे! दादाला हे सांगितलं. हसला नाही.

शुक्रवार, ६ मार्च

नऊ. पुसले.

रविवार, ८ मार्च

सापडलं!! टॉमच्या स्टँडचा दांडा मागच्या भिंतीला टेकत होता. पलीकडे दादा-वहिनीची खोली. भिंतीला हादरा बसला की पॅड त्याला ठोका समजायचं. स्टँड वीतभर पुढे ओढला — दुपारभर ट्रॅक एकदम स्वच्छ. दादाने पाठ थोपटली. ‘‘शाब्बास! उशिरा का होईना, डोकं चाललं तुझं.’’ मी वेड्यासारखा खूश झालो.

भिंतीला हादरा कशाचा, हे मनात आलं होतं. आलं आणि मी ते जाऊ दिलं.

सोमवार, ९ मार्च

वहिनीचा हात प्लास्टरमध्ये. ‘‘पाय घसरला’’ — डॉक्टरांना दादानेच सांगितलं. तिने मान डोलावली.

दादा औषधं आणायला गेला तशी ती माझ्या दारात आली. ‘‘भावोजी, काल तुम्ही पलीकडेच होतात ना?’’

‘‘हो.’’

‘‘मी भिंत ठोकत होते. नेहमी ठोकते, तीनदा. ओरडले की जास्तच मारतात. म्हटलं, भिंत तरी तुम्हाला कळेल.’’

कळत होती! हेडफोनमध्ये टॉम होऊन ऐकू येत होती. ती ठोकायची आणि मी शिव्या घालत पुसायचो. जुन्या फाइली उघडल्या, पुसलेलं सगळं परत आणलं. एका महिन्यात एकशे चौदा. बाथरूममध्ये जाऊन स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतल्या. गाल अजून चुरचुरतोय.

बुधवार, ११ मार्च

स्टँड पुन्हा भिंतीला टेकवला. सेन्सिटिव्हिटी पूर्ण. दादाने विचारलं, ‘‘हे काय नवीन?’’ म्हटलं, ‘‘टेस्टिंग.’’ वहिनीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, ‘‘आता एकच ठोका पुरे. मी येतो.’’

ती म्हणाली, ‘‘बघा हं.’’ दिवसभर काही आलं नाही.

गुरुवार, १२ मार्च

दुपारी ठोका आला. स्टँडच उचलून आत गेलो. पहिल्याच घावाला दादा खाली बसला, वहिनी सुटली. तिथे थांबायचं होतं. मला थांबता येईना — बरं वाटत होतं! वहिनी समोरची भिंत ठोकत होती, तीन-तीनदा, चांगल्या हाताने. शेजाऱ्यांना बोलावत होती, माझ्या हातून दादाला सोडवायला.