दोघांनी वाचले

१ मार्च, रविवार

पोहोचले. डनीडनहून न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, ब्लफपर्यंत गाडीने तीन तास, त्यातला शेवटचा अर्धा तास वारा दार उचकटू पाहत होता. नायरी हॅल्डेन फाटकातच उभी होती, पायात गमबूट, हातात कालवांची बादली. आज हंगामाचा पहिला दिवस. भाच्याने बोटीवरून थेट आणून दिली होती. म्हणाली, आधी खा, ओळख मागाहून करू. उपाशी माणसाशी ओळख करून घेण्यात काही अर्थ नसतो. मी एकोणीस खाल्ली. तिने मोजली होती. म्हणे, देस बावीस खायचा, पण तू नवीन आहेस, चालेल.

देस म्हणजे डेस्मंड, तिचा नवरा. गेल्या ऑगस्टमध्ये गेला. सतरा वर्षं याच घराच्या मागच्या काचेच्या पडवीत बसून त्याने ‘तीती’ सांभाळली. लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर अपडेट करणारं हे साधन. कोणाच्या मालकीचं नाही, कोणीही घ्यावं, उघडून पाहावं, सुधारावं. नाव इथल्या समुद्रपक्ष्याचं. अर्धं जग फिरून तो दरवर्षी नेमका आपल्याच बिळात परततो. किती मशिनांवर तीती चालते हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. सांभाळणारे आम्ही सगळे हौशी, आणि आता मुख्य सांभाळ माझ्याकडे आला आहे.

नवी आवृत्ती ज्या मशिनवरून शिक्का मारून बाहेर जाते, ते मशीन पडवीतून हलवायचं नाही, हा देसचा नियम. म्हणून मीच मशिनकडे आले. चव्वेचाळिसाव्या वर्षी, विद्यापीठातली नोकरी सुटल्यावर, कोणीतरी आपल्याला बोलावलं याचा इतका आनंद झाला आहे की लिहिताना संकोच वाटतो.

४ मार्च, बुधवार

पडवी पाहिली. माशांच्या निळ्या पेट्यांमध्ये सतरा वर्षांचे कागद. देस प्रत्येक बदल कागदावर छापून वाचायचा. शंका आली तर समासात नुसतं प्रश्नचिन्ह, शब्द नाही. पान पटलं की खाली कोपऱ्यात बरोबरची खूण आणि ‘वाचलं. दे.’ पेन्सिल सुताराची, चपटी, लाल. कालवं उघडायच्या सुरीने तासलेली. अजून खिडकीत जॅमच्या बाटलीत उभी आहे.

दुसरा नियम त्याहून कडक. दोघांनी वाचल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. मशीन दोन वेगळ्या माणसांचे पासवर्ड मागतं, आणि मगच आवृत्तीखाली एक ओळ उमटते: ‘दोघांनी वाचले’. लोक त्या ओळीवर विश्वास ठेवतात. देसच्या जोडीला पर्थचा एक गृहस्थ वाचायचा. देस गेल्यावर त्यानेही सोडलं. मला दुसरा वाचक शोधायला हवा.

देसचे पासवर्ड नायरीने टेलिफोनच्या वहीतून काढून दिले, खाटकाच्या नंबराखाली होते. मशीन उघडायला लागतील म्हणाली.

लोसालिनेचं स्वागताचं पत्र आलं. टोंगात हाआपाईच्या बेटांवरच्या अकरा दवाखान्यांची मशिनं ती एकटी बघते. तीच मशिनं लशींच्या आणि इन्सुलिनच्या फ्रीजवर नजर ठेवतात, त्यांवरूनच राजधानीतल्या डॉक्टरांशी बोलणं होतं. लिहिते, हेस्टरबाई, देसने सतरा वर्षांत आम्हाला एकदाही पाडलं नाही, तेव्हा तुमच्याकडून मी फक्त अठराची अपेक्षा करते. आणि आमचा जनरेटर अगदी माझ्या नवऱ्यासारखा आहे, लाथ घातल्याशिवाय उठत नाही, एवढं लक्षात असू द्या.

मोठ्याने हसले. नायरीने स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाला हसतेस.

९ मार्च, सोमवार

कामाला हात घातला. कॉम्प्युटर सुरू होताना ज्याच्या आधारावर उभा राहतो, त्याला आम्ही गाभा म्हणतो. अपडेट नवा गाभा आणतं. देसची तीती जुना गाभा लगेच टाकत नाही. नवा एकदा उभा राहून दाखवेपर्यंत जपून ठेवते. याने अपडेट रेंगाळतं, जागा अडते. लोक वर्षानुवर्षं कुरकुरत आहेत. ही सावधगिरी काढून टाकायची.

हेच मी चार वर्षांपूर्वी सुचवलं होतं. देसने सर्वांसमोर, सभ्यपणे, नाही म्हटलं. त्याबद्दल मनात काही उरलेलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

नवी आवृत्ती बाहेर गेली. प्रत्येक ओळ वाचली. कोणाचीच हरकत आली नाही. दुसऱ्या वाचकाची सोय झाली.

नायरीने मटणाचा पाय भाजला होता. म्हणाली, देस आवृत्ती निघाली की दोन दिवस झोपायचा नाही, तू आपली कशी निवांत. मी म्हटलं, काळ बदलला. ती म्हणाली, काळाला काय, तो बदलतोच.

२० मार्च, शुक्रवार

आठवडाभर कौतुकाची पत्रं. अपडेट आता चौपट लवकर होतं. लोसालिनेनेही अकराही दवाखान्यांत चढवलं. तिचं पत्र नेहमीपेक्षा छोटं होतं. काम असेल.

खिडकीच्या फळीवर लाल पेन्सिलीच्या ताज्या ढलप्या सापडल्या. नायरीला विचारलं. तिने पडवीत पाय ठेवलेला नाही, ऑगस्टपासून.

२४ मार्च

देसच्या फळीवर जुनी, बारीक मशिनं आहेत. त्यातल्या एकावर सहज तीती चालवली. सगळं ठीक झालं. मग मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

उठलं नाही.

चार वेळा करून पाहिलं. डिस्क लहान असली की नवा गाभा अर्धाच लिहिला जातो, आणि जुना तोवर टाकलेला असतो. म्हणजे अशी मशिनं आत्ता चालू आहेत, चांगली चालत आहेत, कोणाला काही कळायचं कारण नाही. फक्त एकदा वीज गेली की ती पुन्हा उठणार नाहीत.

हाआपाईतली सगळी मशिनं लहान डिस्कची आहेत.

आधी कळलं तर जुना गाभा हाताने परत ठेवता येतो, दर मशिनला दहा मिनिटं. लोकांना आजच सांगायला हवं. पण सांगितलं की पहिला प्रश्न येणार: दुसरं कोणी वाचलं होतं? त्यापेक्षा दोन दिवसांत दुरुस्ती काढते, गाजावाजा न करता. कोणाचं नुकसान होण्याआधीच सगळं जागेवर येईल.

२६ मार्च

दुरुस्ती तयार. छापली, वाचली, मशिनपाशी बसले. माझा पासवर्ड घातला. दुसरा घातला.

घेतला नाही.

वहीतून अक्षर न् अक्षर पाहून सात वेळा घातला. तेराला याच पासवर्डाने पहिल्या फटक्यात घेतलं होतं.

इथे तरी लिहायला हवं. दुसरा वाचक कधी नव्हताच. तेराला मी देसचा पासवर्ड घातला. मेलेल्या माणसाकडून वदवून घेतलं की त्याने वाचलं. आणि तेही नेमक्या त्याच बदलाखाली, ज्याला तो जिवंत असताना नाही म्हणाला होता.

टेबलावरून दुरुस्तीचे कागद उचलले, तर पहिल्या पानाच्या समासात प्रश्नचिन्ह. चपट्या पेन्सिलीचं. मी तिथे लिहिलं होतं: किरकोळ सुधारणा.

२९ मार्च

नायरीने जेवताना विचारलं, सकाळभर पडवीत बसून काय एवढं लिहीत होतीस? मी म्हटलं, सकाळी मी किनाऱ्यावर फिरायला गेले होते. म्हणाली, अगं, दोनदा हाक मारली तुला. चहा आणला, तर तू मान वर न करता म्हणालीस, ठेव तिथे, पान संपू दे.

मग बराच वेळ ती एकाच पावाला लोणी लावत राहिली. शेवटी म्हणाली, पंचेचाळीस वर्षं हे वाक्य ऐकलंय मी, पोरी. आता तू नको म्हणूस.

पडवीत जाऊन पाहिलं. कप होता. अर्धा प्यालेला. मी चहात साखर घेत नाही. यात होती.

३१ मार्च

नायरी गेली. उद्यापासून तीती पक्ष्याची पिल्लं खाण्यासाठी धरायचा हंगाम, तिचं सगळं गोत दक्षिणेच्या बेटांवर जातं, पंधरा दिवस तरी येणार नाही. मलाही चल म्हणत होती. पिसं काढून काढून हात तुपकट झाले की डोकं आपोआप गप्प बसतं म्हणे. मी काम आहे म्हटलं. फाटकातून परत वळून तिने विचारलं, देसचं काही बिघडवलंस का तू? मी नाही म्हटलं.

आत येऊन ही वही उघडली. समासात प्रश्नचिन्हं आहेत. माझ्या वहीत. ‘प्रत्येक ओळ वाचली’ – त्यापाशी. ‘कोणाचीच हरकत आली नाही’ – त्यापाशी. ‘मनात काही उरलेलं नाही’ – तिथे दोनदा रेघ ओढून.

बरं. मनात उरलं होतं. गेल्या जुलैत खोट्या नावाने मी त्याला लिहिलं होतं: हे काम मेलंय की सांभाळणारा? तो तेव्हा आजारी आहे हे मला माहीत नव्हतं.

शेवटच्या पेटीत सगळ्यात वर ते पत्र सापडलं. त्याने छापून घेतलं होतं. खाली कोपऱ्यात बरोबरची खूण. ‘वाचलं. दे.’

वर लिहिलेलं मी पुन्हा पाहिलं. ‘मला माहीत नव्हतं’ – तिथेही आता प्रश्नचिन्ह आहे. आजारी असल्याचं कोणीतरी म्हणालं होतं. मी खरं मानलं नव्हतं.

२ एप्रिल

फिजीकडून वादळ निघालं आहे. शनिवारी हाआपाईवर. लोसालिने लिहिते, खिडक्यांना फळ्या ठोकतोय, नवऱ्याला आणि जनरेटरला दोघांनाही तेल पाजून ठेवलंय, तुमची मशिनं तेवढी सांभाळा बाई.

तुमची मशिनं.

सूचना लिहायला बसले. पहिली ओळ: वीज जाण्याआधी जुना गाभा हाताने परत ठेवा. खाली ते कसं करायचं. मग कारण लिहिलं – काही विशिष्ट परिस्थितीत, नजरचुकीने. छापून वाचलं. चहा करायला उठले आणि परत आले.

‘नजरचुकीने’ला प्रश्नचिन्ह. पहिल्या ओळीपाशी बरोबरची खूण.

कारण नीट लिहायला हवं. अर्धवट खरं पाठवणं बरं नाही.

३ एप्रिल

सात मसुदे. ‘आमच्याकडून’ – प्रश्नचिन्ह. ‘दुसरा वाचक उपलब्ध नसल्यामुळे’ – प्रश्नचिन्ह. ‘प्रामाणिकपणे वाटले’ – कागद फाटेपर्यंत दाबून. पहिल्या ओळीपाशी दर वेळी तीच खूण, तेवढीच शांत. मी ती पाहत होते. पाहूनही पुढचा मसुदा घेत होते. सगळं बरोबर झाल्याशिवाय नाही – लोक काय म्हणतील ते वाक्य अजून –

लख्ख ऊन आहे पडवीत. उन्हातही पेन्सिलीचा आवाज ऐकू येतो.

४ एप्रिल

अकरावा मसुदा. रेडिओ म्हणतो हाआपाईची वीज गेली. सकाळी – आठला –

मसुदा टेबलावर होता.

५ एप्रिल

ईस्टर. लोसालिनेचं पत्र नाही. काल नाही, आज नाही. रोज येतं.

सूचना पाठवली. दुपारी. पहिली ओळ आणि तिच्याखालची कृती, बाकी काही नाही. तीन दिवसांपूर्वीच ती बरोबर होती. पर्थच्या गृहस्थाने दहा मिनिटांत उत्तर दिलं – त्याने आपली मशिनं वाचवली – आणि विचारलं, हेस्टर, हे दुसरं कोणी वाचलं होतं –

हाआपाईहून काही नाही.

पेन्सिल माझ्या हातात आहे. कधी घेतली –

तेराच्या पानावर एक खूण उरली. कोणाचीच हरकत आली नाही. खोडून पाहिली, जात नाही. ठीक. लिहिते. हरकत आली होती. अकराला. लोसालिनेची. तिने विचारलं होतं, नवा गाभा उभा राहिला नाही आणि वीज गेली, तर आम्ही कशाच्या आधाराने उठायचं? घाईत माझ्या वाचण्यातून ते निसटलं –

नाही. हात थांबत नाही. त्या ओळीपाशी माझाच हात –

वाचलं होतं. समजलंही होतं. ‘उत्तर दिले’ असा शेरा मारून मी ते बंद केलं, कारण देस गेला होता, आणि मला एकदा तरी त्याच्या ‘नाही’वर मात करायची होती –