कमरेएवढं पाणी

॥ श्री ॥

लालबाग, मुंबई
२० ऑगस्ट १९८९

चि. लहूस आईचे अनेक आशीर्वाद.

नारळी पौर्णिमा गेली, गणपती तोंडावर आले, तरी तुझ्या तंबूवाल्यांना तुला सोडवत नाही. ऋषिकेशला माणसं साठी उलटल्यावर जातात, तू विसाव्या वर्षीच जाऊन बसलास. खाणावळीतला स्वयंपाक शिकवून तुला तंबूत भात रांधायला पाठवलं होतं. आता ऐकते की भात दुसराच कोणी रांधतो आणि तू लोकांना रबरी होडीत घालून खळाळत्या पाण्यात नेतोस.

शेजारच्या गुणवंतीच्या भावाने अँटॉप हिलच्या एका कचेरीत शिपायाच्या जागेसाठी शब्द टाकला आहे. दसऱ्याच्या आत ये.

मला झोप नाही. जेवणारे गेले की गॅलरीत येरझारा घालते. पाण्याने एकदा या घरातला माणूस नेला आहे. तो आपल्या पायांनी गेला असं सगळं गाव म्हणालं, आणि मीही तेच धरून बसले. गिरण्यांच्या संपात सगळ्यांचेच पगार थांबले होते, म्हणून काय सगळ्यांनीच गावी जाऊन नदी गाठली? तुझ्या बापाने माझा विचार केला नाही, तू तरी कर.

स्वतःच्या पायावर उभा राहा. आईवर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी आई


शिवपुरी, ऋषिकेशजवळ
२८ ऑगस्ट १९८९

ती. आईस लहूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गॅलरीची फरशी झिजवू नकोस, चाळमालक आपल्यालाच बोलेल. शिपायाचं मागाहून बघू. सध्या नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. वल्हं कसं मारायचं, होडीतून कोणी पडलं तर दोर कसा फेकायचा, हे सगळं मी त्यांना लालबागच्या हिंदीत ओरडून सांगतो आणि ती मला मास्तर म्हणतात. आपल्या घराण्यातला पहिला मास्तर!

पण पहिला धडा ऐकलास तर मारशील मला. तू दर पत्रात पायावर उभा राहा म्हणून लिहितेस, आणि मी दिवसभर ओरडत असतो की उभे राहू नका. पडलात तर उताणे व्हा, पाय वर घ्या, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, आणि वाहत जा. पाणी कमरेएवढं लागलं की पट्टीचा पोहणाराही उभा राहायला जातो. पाऊल दगडांच्या फटीत अडकतं, मागून लोट येतो आणि माणसाला पालथा पाडून तसाच दाबून धरतो. मग पोहणं येऊन काही उपयोग नाही.

आई, हे शिकलो तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. बाबा पोहण्यात पटाईत होते आणि पाणी कमरेएवढंच होतं, म्हणूनच ना गाव म्हणालं की त्यांनी जीव दिला? त्यांना बाहेर काढलं कुशाबाकाकांनी. काका आता लोअर परळलाच राहतात. त्यांना एवढंच विचार, बाबांचा पाय अडकला होता का.

रागाव हवी तेवढी, पण माया पातळ करू नकोस.

तुझा लहू


लालबाग
६ सप्टेंबर १९८९

चि. लहूस आशीर्वाद.

गणपती घरात असताना असलं पत्र लिहितात का? मेलेल्या माणसाचे पाय तपासायला मी कुशाबाच्या दारात जाणार नाही. सात वर्षं हा राग उशाशी घेऊन झोपले. त्याच्याच जोरावर खाणावळ चालवली, तुला वाढवलं. तो काढून घेतलास तर माझ्याजवळ राहील काय? सर्वपित्रीला मी त्याचं पान मांडत नाही, तुला ठाऊक आहे. जो आपल्या पायांनी गेला त्याला बोलवायला मी जाणार नाही.

प्रसाद पाठवलेला नाही. मुद्दाम.

आई


शिवपुरी
१४ सप्टेंबर १९८९

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

बरं, नको विचारूस. फक्त कालचं सांगतो. एक गढवाली गडी सगळं शिकूनसुद्धा पाण्यात उभा राहिलाच. पाऊल अडकायच्या आत दोर फेकून ओढला. मी त्याला शिव्या घातल्या, तर धापा टाकत म्हणाला की पायाखाली जमीन लागली की माणूस उभा राहणारच, जगायचं असतं ना त्याला. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

प्रसादाशिवायही तुझाच,
लहू


लालबाग
३० सप्टेंबर १९८९

चि. लहूस आईचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि आमटी करपली. जेवणाऱ्यांना तशीच वाढली आणि पदर खोचून चालत लोअर परळ गाठलं. कुशाबाला दारातच विचारलं. तो म्हणाला की डाव्या पायाची वहाण नव्हती, घोटा सोलला होता. खालच्या अंगाने चौघांनी ओढलं तरी हे हलेनात. वरच्या अंगाला जाऊन मागे ओढलं तेव्हा पाऊल सुटलं. हे नदी ओलांडून मुंबईची एस.टी. धरायला निघाले होते रे. गाठोडं दुसऱ्या दिवशी केवड्याच्या बेटात सापडलं. त्यात कुळथाचं पीठ होतं, भिजून लगदा झालेलं. माझ्यासाठी. मेल्या, हे इतकी वर्षं का नाही सांगितलंस, असं मी ओरडले. तर म्हणाला की वहिनी, तू त्यांचं नाव तरी काढू देत होतीस का?

भर रस्त्यात रडत घरी आले. बघणाऱ्यांनी बघितलं.

काल सर्वपित्रीला ह्यांचं पान मांडलं. भात आणि कुळथाची पिठी, ह्यांना आवडायची तशी लसणीची फोडणी देऊन. गच्चीवर घास ठेवून मी मागे वळतेय तोच कावळा शिवला. गुणवंती म्हणाली की भुकेले होते. भुकेले असणारच. माणूस घरी यायला निघाला होता आणि मी सात वर्षं दार लावून बसले. राग गेला, पण झोप अजून नाही. आता येरझारा घालताना ह्यांच्याशी बोलते.

शिपायाची जागा दुसऱ्या कुणाला द्या, असं गुणवंतीला सांगून टाकलं. तू तिथे घसा बसेपर्यंत ओरड, एकालाही उभा राहू देऊ नकोस. दसऱ्याला मात्र ये, प्रसादाचे मोदक संपले, पण पिठी करीन.

जमिनीवर असशील तेव्हा पायावर उभा राहा. पाण्यात पाय वर घे. बोटं मला लालबागेतून दिसली पाहिजेत.

तुझी आई