डाव्या सायलेन्सरचा नट

अप्पा, तुमची मोटारसायकल रविवारी सुरू झाली. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, ती विचुंब्याच्या या इमारतीत पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती. चार किका मारल्यावर ती तुमच्यासारखीच एकदम भडकली आणि डावा सायलेन्सर खडखडायला लागला. वर आईचा टीव्ही लागला होता, तो त्याच क्षणी बंद झाला. मी वर गेलो तर ती ओट्याशी उभी राहून धुतलेले तांदूळ पुन्हा धूत होती. ऐंशी ओलांडलेली बाई. मला पाहून म्हणाली, "तू हायस व्हय." तेव्हाच मी ठरवलं, एक तर ही खडखड जाईल, नाहीतर गाडी भंगारात जाईल. या वयात तिच्या घरी तुमचं पुनरागमन परवडणारं नाही.

धुरावरून अग्नीचं अनुमान कसं करायचं हे तुम्ही वर्गात शिकवायचात, मुलांच्या डोक्यात ते वर्षभर शिरत नसे. घरी आम्हांला ते न शिकवता येत होतं. नाक्यावर खडखड ऐकू आली की अप्पा आले. आई रेडिओ बंद करते, ताई हसू पुसते, मी शब्दरूपावली उघडतो, हातात येईल ते पान. तुम्ही दारात उभे राहता तेव्हा घर आश्रमासारखं शांत असतं आणि तुम्ही समाधानानं चपला काढता. मिठागरात बापाबरोबर टोपल्या वाहिलेला मुलगा पनवेलात संस्कृतचा मास्तर झाला, याचा तुम्हांला अभिमान होता. त्याची वसुली तुम्ही आईकडून केलीत. तिच्या तोंडून 'आमी' निघालं की तुमचा हात उठायचा. व्याकरणशुद्धीसाठी एवढे श्रम घेणारा दुसरा आचार्य माझ्या पाहण्यात नाही.

पेट्रोलचा पाइप मी आधी बदलला. जुना वाळून काडीसारखा कडक झाला होता. भेगेवर तुम्ही कपडे धुण्याचा साबण चोळायचात, तो अजून तिथेच होता, दगड झालेला. तुम्ही स्वतःच्या हातानं घरात दुरुस्त केलेली ही एकच वस्तू, आणि तीही गळत होती. नवा पाइप आखूड कापला तर ताण बसतो, लांब ठेवला तर दुमडून पेट्रोल अडतं. मी बेताचा कापला, दोन्ही टोकांना क्लिपा लावल्या. तुम्हांला छडीचा वेत ठाऊक होता, बेत नव्हे, म्हणून सांगतो.

मग सायलेन्सरकडे वळलो. तो फ्रेमला धरून ठेवणाऱ्या पट्टीतलं रबर भुगा झालेलं होतं, ते अपेक्षितच होतं. नवल नटाचं होतं. त्याचे कोपरे झिजून जवळजवळ गोल झाले होते, जणू कुणी वर्षानुवर्षं त्यालाच पाना लावत होतं. तुम्ही त्या पट्टीपायी किती मेकॅनिक बदललेत ते मला आठवतं. प्रत्येकाला मूर्ख ठरवायचात, आणि प्रत्येक जण रस्त्यातल्या खड्ड्यांकडे बोट दाखवायचा. आई तोपर्यंत खाली येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, हा नट बघ, मेकॅनिकांनी पार वाट लावलीय.

"त्यांनी नाय," ती म्हणाली. "मीच ढिला करायची. दुपारचा तुजा बापूस घोरत पडला का."

मला वाटलं, वयामुळे काहीतरी बोलतेय. तिनं सीटखालच्या डब्यात हात घालून नेमका पाना काढला.

"तो येतंय त्ये कलायला नको? पोरांना गप बसाला टाईम नको?"

अप्पा, मांजराच्या गळ्यात घंटा तुमच्याच घरात बांधली गेली होती आणि तुम्ही ती दर महिन्याला पैसे देऊन काढायला न्यायचात. पण मला तिच्या पोटरीवरचा तो काळा डाग आठवला. ओवे गावाला तिच्या माहेरी जाताना ती मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, गतिरोधकावर सैल सायलेन्सर उडाला आणि पोटरीला चिकटला. तुम्ही भर रस्त्यात चार माणसांदेखत तिला म्हणालात की बसायचीसुद्धा अक्कल नाही. मी तिला विचारलं, त्यानंतरही सैल करायचीस?

"मंग? भाजला त पाय माजा भाजला. पोरांचा नाय." मग पाना माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता आवल. आता कोन यायचा हाय?"

मी नवं रबर बसवलं, नवा नट घातला आणि घट्ट आवळला. गाडी आता मांजरीच्या पावलानं चालते.

परवा शाळेतून तीच गाडी घेऊन आलो. मीही तुमच्याच विषयाचा मास्तर, हे तुम्हांला सुख देईल. दार उघडंच होतं. आई फोनवर मावशीशी बोलत होती, आमी-तुमीची नुसती लयलूट, आणि हसत होती, तोंडाला पदर न लावता. एवढ्या मोठ्यानं हसणारी आई मी कधी ऐकली नव्हती, तुम्ही तर नाहीच. मी मागे जाऊन उभा राहिलो. ती वळली, आणि फोन हातातून पडला. तिचा चेहरा, अप्पा, तुम्हांला पाठ असेल. मला तो पहिल्यांदाच समोरून दिसला.

तो चेहरा माझ्यासाठी गप्प झाला, आणि एका श्वासापुरतं मला बरं वाटलं. तेवढ्या श्वासात तुम्ही मला जितके कळलात तितके उभ्या जन्मात कळला नव्हतात. हे मी ताईलाही सांगितलेलं नाही, आणि हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवणार होतो, तेही आता करणार नाही. तिथली धूळ आई पुसते. घरी येताना मी हल्ली जिन्यातच मोठ्यानं खोकतो.